अम्माच्या औषधांची वही

आमची अम्मा शाबान महिन्यात गेली. रमजानला नऊ दिवस उरले होते. फज्रची अजान होऊन गेली होती, अब्बा वजू करून मशिदीला निघायच्या बेतात होते आणि भाभीने आतून हाक मारली. तोंडाचा कॅन्सर होता. निदान झाल्यापासून तो दिवस येईपर्यंत एक वर्ष आणि चार महिने गेले.

हा लेख एकाच हाताने लिहिला असला, तरी यात बोलतो आहोत आम्ही चौघं भावंडं. भाईजान सर्वांत मोठे, मग आपा, तिसरे शाळेत शिकवणारे आम्ही, आणि शेवटचा पुण्याला नोकरी करणारा छोटा. शाळेत उर्दू-मराठी शिकवत असल्यामुळे लिहिण्याचं काम आमच्याकडे आलं, एवढंच. लिहिलेला प्रत्येक भाग चौघांनी वाचला, अब्बांना वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी खोडायला सांगितलं, तिथे खोडलं.

आता हे लिहायचं कारण. कॅन्सरच्या उपचारांबद्दल हल्ली बरीच माहिती मिळते. मय्यतीचे मसले कुणाला ना कुणाला ठाऊक असतात. पण मय्यत उठल्यानंतर त्या घरात पुढे काय होतं, याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. तीन दिवस लोक येतात, सब्र करा म्हणतात आणि जातात. आम्हीही सब्र केलं. निदान आम्हाला तसं वाटत होतं. खरं तर आम्ही फक्त एकमेकांशी बोलायचं बंद केलं होतं, आणि त्यापायी आमचं घर मोडता मोडता वाचलं.

आजार

अम्मा मिश्री लावायची. आमच्या तासगाव भागात तिच्या वयाच्या बायकांत ही सवय घरोघरी होती, अजूनही आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. लहानपणी हे भाजायचं काम आपाकडे असायचं आणि बाजारातून तंबाखू आणायचं काम आमच्याकडे. त्या खमंग वासावर आम्ही भावंडं शिंकायचो आणि अम्मा हसायची. तंबाखू कुठल्याही रूपात तोंडात ठेवली तरी कॅन्सरचा धोका असतो, हे आम्हाला शाळेच्या पुस्तकातून कळलं होतं. पण पुस्तकातली तंबाखू आणि अम्माची डबी यांचा संबंध आम्ही कधी जोडला नाही.

गालाच्या आत एक पांढरट चट्टा आला, मग तिथे जखम झाली. तिखट लागेना. तिने दोन महिने हळद-तूप लावून काढले. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरून आली नाही तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे, हे वाक्य आज आम्ही वर्गातल्या मुलांना घरी जाऊन सांगायला लावतो. तेव्हा ते आमच्याच घरात कुणी म्हटलं नाही.

मिरजेला तुकडा तपासला, ऑपरेशन झालं, सहा आठवडे शेक दिला. काही महिने बरे गेले. मग गाठ पुन्हा आली, या वेळी गळ्याकडे. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बसवून सांगितलं, आता आजार बरा करण्याचे उपचार उरले नाहीत. त्रास कमी करण्याचे आहेत आणि ते आपण पूर्ण करू. नाकातून नळी घातली. दूध, पातळ पेज, फळांचा रस, सगळं नळीतून. बोलणं कुणाला समजेनासं झालं, तेव्हा भाभीने एक शंभर पानी वही आणली. तिच्यात एका बाजूला भाभी औषधांच्या वेळा लिहायची आणि दुसऱ्या बाजूला अम्माला काही सांगायचं असेल तर ती लिहायची. चौथीपर्यंत शिकलेली अम्मा, अक्षर मोठं आणि गोल.

दुखणं वाढलं तसं साध्या गोळ्यांनी भागेना. ती रात्रभर उशी धरून बसून असायची. मग डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. दर चार तासांनी एक, कुटून, पाण्यात मिसळून नळीतून. त्याच्या दुसऱ्या दिवशी वहीत अम्माच्या बाजूला दोनच शब्द आहेत: ‘झोप लागली.’

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती अनेक घरांत अडते. अम्माला रोजांची आणि नमाजीची काळजी लागून राहिली होती. तिच्या आजारातला पहिला रमजान शेक चालू असताना गेला होता आणि एकही रोजा झाला नव्हता. मशिदीचे मौलानासाहेब घरी आले. पडद्याआड बसून त्यांनी तिला समजावलं, की बरं होण्याची उमेद नसलेल्या आजाऱ्याला रोजा माफ आहे, प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवण म्हणजे फिदिया द्यावा. वजू झेपत नसेल तर तयम्मुम आणि उठवत नसेल तर पडल्यापडल्या इशाऱ्याने नमाज. मॉर्फिनबद्दलही आम्ही विचारलं, कारण ती अफूपासून बनते. मौज म्हणून नशा करणं वेगळं आणि वैद्याच्या सल्ल्याने, दुसरा इलाज नसताना वेदनेसाठी घेणं वेगळं, असं त्यांनी सांगितलं. त्या वेळी घरात अब्बा, भाईजान, भाभी आणि आम्ही होतो. छोटा पुण्यात होता. त्याला हे कुणी कळवलं नाही. फोनवर आम्ही त्याला फक्त ‘बरी आहे’ एवढंच सांगत राहिलो.

तिसऱ्या दिवशीचं वाक्य

छोटा पोहोचला तेव्हा अम्माचे शेवटचे दोन दिवस होते. ती बहुतेक वेळ झोपेत असायची. आदल्या संध्याकाळपासून घशात घरघर सुरू झाली होती. त्याने तिला दोन महिन्यांपूर्वी पाहिलं होतं तेव्हा ती काठीच्या आधाराने अंगणात आली होती. आता जे समोर होतं त्याची त्याला काही तयारी नव्हती. रात्री दोन वाजता भाईजाननी नेहमीप्रमाणे गोळी कुटून दिली. पहाटे अम्मा गेली.

जुहरनंतर दफन झालं. दोन दिवस ताजियतीला माणसं येत राहिली. तिसऱ्या दिवशी फज्रनंतर आम्ही सगळे अंगणात बसलो होतो आणि छोटा भाईजानना म्हणाला, “तुम्ही त्या गोळ्यांनी अम्माला मारलंत.”

भाईजान काही बोलले नाहीत. उठून आत गेले. अब्बांनी ऐकलं आणि तेही गप्प राहिले. पाहुणे घरात होते, म्हणून आपाने विषय बदलला. दुपारी छोटा पुण्याला निघून गेला.

त्यानंतर पूर्ण रमजानात त्याचा फोन आला नाही. इफ्तारच्या वेळी अम्माची जागा रिकामी असायची आणि तिच्या शेजारी छोट्याचीही. ईदला तो आला. ईदगाहमध्ये एकाच सफमध्ये आम्ही नमाज पढलो. नमाजीनंतर सगळे गळाभेट घेत होते. छोटा अब्बांच्या गळ्यात पडला, आमच्या पडला आणि भाईजानच्या शेजारून चपला शोधायला निघून गेला. मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये, ही हदीस आम्ही वर्गात शिकवतो. आमच्या घरात त्या दिवशी अबोल्याला महिना उलटला होता.

भाईजानचं काय झालं होतं ते भाभीने आम्हाला बऱ्याच उशिरा सांगितलं. ते रोज रात्री दोनला उठायचे. स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचे. अम्माची गोळी ज्या खलात कुटायची तो खल त्यांनी स्वतःच माळ्यावर नेऊन ठेवला होता.

आणि फक्त तेच नव्हते. आपाला वाटत होतं की तंबाखू आपण भाजली. आम्हाला वाटत होतं की विकत आपण आणली, आणि शिकले-सवरलेले असून दोन महिने हळद-तूप लावू दिलं. अब्बांना वाटत होतं की जमीन विकून मुंबईला न्यायला हवं होतं. प्रत्येकाकडे एक गुन्हा होता आणि प्रत्येकजण तो दुसऱ्यापासून लपवून बसला होता. बाहेरून बघणाऱ्यांना आम्ही मोठे साबिर दिसत होतो.

सब्र कशाला म्हणायचं

आमच्या प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचा लहानगा मुलगा इब्राहीम त्यांच्या डोळ्यांदेखत गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. पाहणाऱ्यांना नवल वाटलं, तर ही रहमत आहे असं त्यांनी सांगितलं. डोळे रडतात, मन दुःखी होतं, पण रबला नाराज करणारं काही आपण बोलत नाही, हा त्यांच्या बोलण्याचा आशय. हजरत खदीजा आणि चुलते अबू तालिब एकाच वर्षी गेले, ते वर्ष सीरतच्या पुस्तकांत दुःखाचं वर्ष, आमुल हुज्न, म्हणूनच ओळखलं जातं. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांनी मुलाच्या विरहात इतकं रडून घेतलं की त्यांची दृष्टी गेली, आणि तरी कुरआन त्यांच्या सब्रला सुंदर म्हणतो.

हे सारं आम्हाला ठाऊक होतं. आम्ही मुलांना परीक्षेसाठी शिकवलं होतं. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की आम्हीच म्हणायचो, ‘सब्र कर.’ त्याचा अर्थ ‘माझ्यासमोर नको’ असा होत होता. छाती बडवणं, कपडे फाडणं, अल्लाहला दोष देणं मना आहे. रडणं मना नाही. आणि ‘मला हे टोचतं आहे’ असं आपल्या सख्ख्या माणसाला सांगणं तर नाहीच नाही.

वही घेऊन आम्ही गेलो

बकरी ईदला सगळे पुन्हा जमलो. कुर्बानीचं वाटप झालं. संध्याकाळी अब्बांनी चौघांना खोलीत बोलावलं. अम्माच्या गादीखालून वही काढली. ती त्यांनी जपून ठेवली होती हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हणाले, “मी शिकलेला नाही. यात काय लिहिलंय ते मला कळत नाही. ज्यांना कळतं त्यांच्याकडे चौघं जा, आणि काय ते विचारून या. एकेकटे नको. चौघं.”

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही मिरजेला गेलो. अम्माच्या दुखण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना आधी फोन करून वेळ मागितली होती. त्यांना रुग्णाचं नाव लगेच आठवलं. छोट्याने सरळ विचारलं, “डॉक्टर, ती गोळ्यांमुळे गेली का?”

त्या रागावल्या नाहीत. हा प्रश्न रोजचा आहे, म्हणाल्या. वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही इथे आमच्या भाषेत देतो.

मॉर्फिन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं औषध आहे. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी ते जगभर वापरलं जातं. आपल्या देशात 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यता असलेल्या रुग्णालयांतून ते देणं सोपं झालं. लहान मात्रेपासून सुरू करायचं, वेदना बघून हळूहळू वाढवायचं, वेळ चुकवायची नाही. पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळ होते, ती कमी होते. बद्धकोष्ठ मात्र राहतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत लागतंच. अशा नेमून दिलेल्या पद्धतीने दिलेलं मॉर्फिन माणसाचं आयुष्य तोडत नाही. वेदनेसाठी, देखरेखीखाली घेणारा माणूस सहसा त्याचा व्यसनी होत नाही.

मग त्यांनी शेवटच्या आठवड्याची पानं उघडली. रोज सहा नोंदी, भाभीच्या अक्षरात, प्रत्येक वेळी एकच गोळी. रात्री दोनची शेवटची नोंद भाईजानच्या अक्षरात, तीही एकच गोळी. “हे बघा,” त्या छोट्याला म्हणाल्या, “आठ दिवसांत मात्रा बदललेलीच नाही. त्या रात्री वेगळं काही दिलेलं नाही. मग त्या रात्री वेगळं काय झालं? आजार शेवटाला आला होता.”

घरघरीबद्दलही त्यांनी सांगितलं. शेवटच्या काही तासांत माणसाला घशातला कफ गिळता किंवा खाकरून काढता येत नाही, त्यातून हवा गेली की तसा आवाज होतो. ऐकणाऱ्याला तो भयंकर वाटतो, पण त्या वेळी रुग्ण बहुधा बेशुद्धीत असतो आणि त्याला त्याचा त्रास जाणवत नाही. शेवटी भूक जाते, झोप वाढते, हातपाय गार पडतात. हे शरीर बंद होत असल्याचं लक्षण असतं. “हे तुम्हाला आधीच नीट सांगायला हवं,” त्या म्हणाल्या. “ज्यांना सांगितलं जातं ते मागे उरल्यावर स्वतःला कमी दोष देतात.”

आमच्याकडे चौदा गोळ्या उरल्या होत्या, त्या आम्ही सोबत आणल्या होत्या. त्यांनी मोजून, नोंद करून परत घेतल्या. हे औषध घरात ठेवायचं नसतं, दुसऱ्या कुणाला द्यायचं तर मुळीच नसतं.

परतताना स्टँडवर चहा घेतला. कुणी काही बोलत नव्हतं. छोटा ग्लास हातात धरून म्हणाला, “मला तिचा आवाज ऐकायचा होता. मी आलो तेव्हा ती बोलतच नव्हती. मला वाटलं गोळ्यांनी बोलणं बंद केलं.” भाईजान म्हणाले, “बोलणं तर रबीउल आखिरमध्येच गेलं होतं. तुला सांगितलं नाही, हे आमचं चुकलं.” मग त्यांनी वही पुढे केली आणि अम्माच्या बाजूची पानं छोट्याला दाखवली. त्यांत चार-पाच ठिकाणी लिहिलेलं आहे, ‘छोट्याचा फोन आला का?’

छोटा त्या दिवशी पुण्याला न जाता आमच्यासोबत घरी आला. सगळं एका दिवसात मिटलं असं नाही. पण त्या रात्री भाईजान दोनला उठले तेव्हा स्वयंपाकघरात दोघं होते, हे भाभीने पाहिलं.

अब्बा

आईच्या जाण्याचं दुःख मुलं आपलं मानतात आणि वडिलांना विसरतात. आमचं तेच झालं. शौहर गेला तर बीवीला चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. तिच्या बंधनांची चर्चा पुष्कळ होते, पण त्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्या दुःखाला सगळे काही काळ देतात, तिच्याकडे लग्नकार्याला ये म्हणून कुणी आग्रह धरत नाही. बीवी गेलेल्या पुरुषाला इद्दत नाही. चौथ्या दिवशी अब्बा द्राक्षबागेत कामावर गेले आणि सगळे म्हणाले, बघा किती सावरले. चाळीस दिवस व्हायच्या आत एका नातेवाइकाने त्यांच्या दुसऱ्या निकाहचा विषयसुद्धा काढला. निकाहमध्ये वाईट काही नाही, पण त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत.

आम्ही काय केलं ते साधं आहे. रोज इशानंतर आमच्यापैकी एकजण अर्धा तास त्यांच्यापाशी बसतो. छोटा पुण्याहून फोन करतो. सुरुवातीला ते पाऊस आणि बेदाण्याच्या भावाबद्दल बोलायचे. मग हळूहळू अम्माबद्दल बोलू लागले: निकाहच्या वेळी ती किती बारीक होती, पहिल्यांदा शिलाई मशीन आणलं तेव्हा रात्रभर कशी बसली. आम्ही फक्त ऐकतो.

मुलं

भाईजानची मुलगी सात वर्षांची आहे. तिला कुणीतरी सांगितलं, दादी झोपली आहे, अल्लाहमियांच्या घरी गेली आहे. त्यानंतर ती रात्री झोपेना. घरात कुणी दुपारी आडवं झालं की हलवून उठवायची. आपण काय बोलून बसलो हे तेव्हा कळलं.

शाळेत आम्ही इतकी वर्षं काढली, आई किंवा वडील गेलेली कितीतरी मुलं पाहिली. कुणी एकदम शांत होतं, कुणाचा अभ्यास घसरतो, कुणी मारामारी करू लागतं, कुणाचं रोज पोट दुखतं. ती मुलं बिघडलेली नसतात. मुलांना सरळ सांगावं: दादी वारली, तिचं शरीर आजाराने थांबलं, ती परत येणार नाही, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, आणि कॅन्सर हात लावल्याने लागत नाही. मुलं तोच प्रश्न दहादा विचारतात. दहादा तेच उत्तर द्यावं. रोजचं जेवण, शाळा, मदरसा यांच्या वेळा मोडू नयेत. आणि वर्गशिक्षकांना कळवावं. ते लपवण्यासारखं नसतं.

पैसा आणि वाटणी

दुःखात पैशाचा विषय काढणं वाईट दिसतं, म्हणून तो टाळला जातो आणि पुढे तोच भांडण लावतो. शरीयतने क्रम घालून दिला आहे: आधी कफन-दफनचा खर्च, मग मरणाऱ्याचं कर्ज, मग वसीयत असेल तर उरलेल्याच्या जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत, आणि मग वारसांचे हिस्से. अम्माच्या नावावर बचत गटाचं कर्ज होतं. तिच्या दोन पाटल्या होत्या आणि शिलाई मशीन. चाळिसाव्याला मोठं जेवण घालावं असं काही नातेवाइकांचं म्हणणं होतं. कुणाच्या श्रद्धेवर आम्ही बोट ठेवत नाही. पण हजरत जाफर शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, असं प्यारे नबींनी इतरांना सांगितलं होतं. जेवण दुःखाच्या घरी जावं, त्या घरातून निघू नये, हे आम्हाला पटलं. त्याऐवजी बचत गटाचं कर्ज फेडलं आणि राहिलेल्या रोजांचा फिदिया दिला. अम्माचे आई-वडील हयात नव्हते, म्हणून उरलेल्यातला चौथा हिस्सा अब्बांचा आणि बाकीचा आम्हा भावंडांत, मुलाला दोन तर मुलीला एक या हिशेबाने. आपाचा हिस्सा तिच्या हातात दिला. ‘बहीण माफ करते’ असं तिच्या वतीने कुणी बोललं नाही. मशीन कुणाला, यावर आम्हाला वाटलं होतं वाद होईल. सगळ्यांनी आपापला हिस्सा सोडून ते भाभीला दिलं. भाभी वारस नव्हती. पण वही तिने लिहिली होती.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करून दाखला घ्यावा. बँक, रेशनकार्ड, गट, सगळीकडे तो लागतो.

ताजियतीला जाताना

आमच्या अनुभवातून दोन शब्द. ‘मुंबईला नेलं असतं तर’, ‘त्या अमक्याला झाडपाल्याने गुण आला’, ‘एवढ्या लवकर ऑपरेशन कशाला केलं’, ही वाक्यं ऐकणाऱ्याच्या मनात वर्षभर राहतात. काय बोलावं सुचत नसेल तर दुआ करावी आणि थोडा वेळ बसावं. आमच्या शेजारच्या काकू काहीच बोलल्या नाहीत. पंधरा दिवस रोज दुपारी भाकरी-भाजीचा डबा भिंतीवर ठेवून जायच्या. आणि चाळीस दिवसांनंतर, जेव्हा सगळं जग विसरलेलं असतं, तेव्हा एकदा जरूर जावं.

दुःख हा आजार नव्हे. ते लाटेसारखं येतं, ईदला, पहिल्या पावसाला, तव्यावर काही करपल्याच्या वासाला येतं. पण महिने उलटले तरी माणूस जेवत नाही, झोपत नाही, कामाला हात लावत नाही, जगावंसं वाटत नाही म्हणतो, तर डॉक्टरांची मदत घ्यावी. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. फोन करणं म्हणजे ईमान कमी असणं नव्हे. ताप आला की आपण दवाखान्यात जातोच.

पुन्हा शाबान आला तेव्हा अम्माला जाऊन वर्ष झालं. आम्ही चौघं अब्बांना घेऊन कबरस्तानात गेलो. फातेहा पढली. परतल्यावर भाभीने माळ्यावरून काही काढताना तो खल खाली आणला आणि भाईजानकडे पाहिलं. त्यांनी तो घासून दिला. आता त्यात रोज आलं-लसूण कुटलं जातं. फुफूची मिश्री काही सुटलेली नाही, पण आपा तिला तोंड तपासायला घेऊन गेली. तेवढं तरी झालं.

वही अब्बांकडेच आहे.

अल्लाह तआला आमच्या अम्माची मगफिरत करो, तिच्या वेदना तिच्या गुनाहांचा कफ्फारा ठरोत, आणि ज्या ज्या घरात आज एखादा आजारी उशी धरून बसला आहे, त्या घराला आसानी देवो. आमीन.